पॉलिंग, वॉटसन आणि प्राणवायूचा अपराध

शास्त्रीय लेखनाचें परीक्षण वाङ्मयविषयक मासिकानें कां करावें, असा प्रश्न कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, कांहीं शास्त्रीय ग्रंथ प्रयोगशाळेंत जन्मतात खरे, पण त्यांचा संसार सामान्य वाचकांच्या घरीं होतो. तेथें त्यांतील आंकडे विसरले जातात व रूपकें तेवढीं शिल्लक राहतात. आणि रूपकांची पारख करणें हें टीकाकाराचें नेहमींचें काम आहे. ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द असाच आपल्या घरांत शिरला. चहाच्या पुड्यावर तो असतो, च्यवनप्राशाच्या बरणीवर असतो. आणि घरांत कोणास कर्करोग झाला म्हणजे समाचारास येणारा आप्त फळांबरोबर हाहि शब्द घेऊन येतो. ह्या शब्दामागें एक कथा आहे. प्राणवायूपासून शरीरांत कांहीं दुष्ट कण उत्पन्न होतात, ते पेशींना जाळतात, त्या जळण्यांतून कर्करोग उद्भवतो व पसरतो, आणि अमुक गोळ्या घेतल्या म्हणजे त्या दुष्टांचा नाश होतो. देव कोण आणि दानव कोण ह्याची वांटणी ह्या कथेंत आधींच झालेली असल्यामुळें ती चटकन् पटते. ती कितपत खरी आहे हें पाहण्यासाठीं आम्ही दोन कृति समोर ठेवतों. एक, ईवन कॅमेरॉन व लायनस पॉलिंग ह्यांचा ‘कॅन्सर अँड व्हिटॅमिन सी’ हा १९७९ सालचा ग्रंथ. दुसरी, जेम्स वॉटसन ह्यांचा, पसरलेला कर्करोग अद्याप असाध्य कां राहिला ह्या विषयावरचा निबंध, जो २०१३ च्या जानेवारींत लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ‘ओपन बायॉलॉजी’ ह्या नियतकालिकांत आला.

पॉलिंग व वॉटसन हे पूर्वीं एकदां समोरासमोर आले होते. १९५३ च्या आरंभीं पॉलिंग ह्यांनीं डीएनएच्या रेणूची तीन पदरी रचना प्रसिद्ध केली. ती चुकीची ठरली, आणि त्याच वर्षाच्या एप्रिलांत वॉटसन व क्रिक ह्यांची दुपदरी रचना जगासमोर आली. ह्या शर्यतीचें वर्णन वॉटसन ह्यांनीं १९६८ सालीं ‘द डबल हेलिक्स’मध्यें केलें आहे, आणि त्यांत दूर कॅलिफोर्नियांत बसलेल्या पॉलिंग ह्यांचें सावट पानोपानीं जाणवतें. पॉलिंग ह्यांना रसायनशास्त्राचें (१९५४) व शांततेचें (१९६२) अशीं दोन नोबेल पारितोषिकें मिळालीं. वॉटसन ह्यांना १९६२ सालचें वैद्यकाचें मिळालें. उतारवयांत दोघांनाहि कर्करोगाच्या प्रश्नानें ओढलें. वॉटसन ह्यांचा ह्या विषयाशीं संबंध जुना होता, कारण १९६८ पासून कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील प्रयोगशाळेचे संचालक म्हणून त्यांनींच तेथें कर्करोगाचें संशोधन वाढविलें. पॉलिंग मात्र ह्या प्रांतांत पाहुणे होते. परंतु लिहितांना दोघांनींहि आवाज लावला आहे तो एकच: ज्याचें म्हणणें जगानें पूर्वीं एकदां मुकाट्यानें मान्य केलें आहे, त्याचा.

ग्रंथांकडे वळण्यापूर्वीं आरोपीची ओळख करून घेतली पाहिजे. श्वासाबरोबर घेतलेला प्राणवायु पेशींत चार इलेक्ट्रॉन स्वीकारून पाणी होतो. बहुतेक वेळां हा व्यवहार बिनबोभाट पार पडतो. पण मायटोकाँड्रिया ह्या पेशींतील चुलींवर अधूनमधून एखादा इलेक्ट्रॉन वाटेंतच सांडतो, आणि प्राणवायूच्या पदरांत अपुरें दान पडतें. एक इलेक्ट्रॉन मिळाला तर सुपरऑक्साइड, दोन मिळाले तर हायड्रोजन पेरॉक्साइड, तीन मिळाले तर हायड्रॉक्सिल मूलक. ह्यांपैकीं दुसरें द्रव्य जखम धुण्यासाठीं औषधांच्या दुकानांत बाटलींतून मिळतें. तिसरें इतकें उतावळें आहे कीं, जन्मल्या जागेपासून दूर जाण्यापूर्वींच तें समोर येईल त्या रेणूवर तुटून पडतें. इंग्रजींत ह्या सर्व मंडळीस मिळून ‘रिऍक्टिव्ह ऑक्सिजन स्पीसीज’ म्हणतात. आम्ही त्यांस उग्र प्राणवायु म्हणूं. १९५४ सालीं रेबेका गर्शमन ह्या अर्जेंटिनाच्या विदुषीनें दाखविलें कीं, अति प्राणवायूची बाधा व क्ष-किरणांची बाधा ह्यांचें मूळ एकच असावें. दोन वर्षांनीं डेनहॅम हारमन ह्यांनीं वार्धक्याचें खापरहि ह्याच मूलकांवर फोडलें. १९६९ सालीं मॅकॉर्ड व फ्रिडोविच ह्यांना सुपरऑक्साइडचा निकाल लावणारें एन्झाइम सांपडलें, आणि ज्याअर्थीं शरीरानें बंदोबस्त ठेवला आहे त्याअर्थीं चोर असलाच पाहिजे, असें सर्वांस वाटूं लागलें. (ही शंका तशी फार जुनी. प्राणवायु वेगळा करणाऱ्या प्रीस्टलेनेंच १७७५ सालीं असा तर्क केला होता कीं, मेणबत्ती ह्या शुद्ध हवेंत लवकर जळून संपते तसे आपणहि लवकर संपूं.)

पण चोराची उपमा येथें अपुरी पडते. आपल्या रक्तांतील श्वेतपेशी हाच उग्र प्राणवायु मुद्दाम निर्माण करून जंतूंवर सोडतात. ज्या मुलांच्या श्वेतपेशींना जन्मतः ही शक्ति नसते, त्यांना क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस नांवाचा विकार जडतो, आणि इतरांस न बाधणारे जंतु व बुरशी त्यांच्या जिवावर उठतात. शिवाय अल्प प्रमाणांत हायड्रोजन पेरॉक्साइड हा पेशींतल्या पेशींत निरोप पोंचविणारा जासूद आहे. म्हणजे एकच पात्र प्रसंगानुसार घातकी, शिपाई व जासूद अशा तीन भूमिका करतें. हें ध्यानांत ठेवून आतां ग्रंथ उघडूं.

कॅमेरॉन-पॉलिंग ह्यांचा ग्रंथ आज ज्या सिद्धांतासाठीं आठवला जातो, तो त्याचा मुख्य सिद्धांत नव्हेच, ही आम्हांस त्यांतील सर्वांत लक्षणीय गोष्ट वाटते. कॅमेरॉन हे स्कॉटलंडांतील व्हेल ऑफ लेव्हन रुग्णालयांतले शल्यवैद्य. १९६६ सालींच त्यांनीं असें मांडलें होतें कीं, कर्कपेशी हायअल्युरोनिडेज नांवाचें एन्झाइम सोडतात, त्यायोगें पेशींना सांधून धरणारा भोवतालचा पदार्थ विरघळतो, आणि ह्या खिंडारांतून रोग बाहेर पडतो. क जीवनसत्त्वावांचून कोलॅजन नीट बनत नाहीं, हिरड्या सुटतात, जुन्या जखमा उकलतात, हें स्कर्व्हीच्या रोगावरून ठाऊक होतेंच. तेव्हां भरपूर क जीवनसत्त्व म्हणजे गांठीभोंवतीं भक्कम तटबंदी, अशी ही कल्पना. रोग मारण्याची भाषा येथें नाहीं. त्याला वेढा घालून जागच्या जागीं बसविण्याची आहे. कर्करोगाच्या रुग्णास बहुधा मारते ती पहिली गांठ नसून तिच्यापासून दूर पसरलेला रोग मारतो, हें जाणून ज्या थोड्या लोकांनीं त्या काळीं प्रसारावरच बोट ठेवलें, त्यांत कॅमेरॉन ह्यांची गणना केली पाहिजे. ग्रंथाचा हा भाग आजहि वाचनीय आहे. त्यांत एका शल्यवैद्यानें शेंकडों खाटांपाशीं उभें राहून केलेला विचार आहे, आणि वाक्यें त्या विचाराइतकींच सावध आहेत.

पुरावा पुढें करण्याची वेळ येतांच मात्र हें सावधपण सुटतें. १९७६ सालीं ह्या दोघांनीं हाताबाहेर गेलेल्या १०० रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांना दररोज १० ग्रॅम क जीवनसत्त्व दिलें होतें. आणि त्याच रुग्णालयाच्या जुन्या कागदपत्रांतून निवडलेल्या १,००० रुग्णांशीं तुलना करतां त्यांचें आयुष्य सरासरीनें चौपटीहून अधिक लांबलें, असें त्यांचें म्हणणें. चौपट हा आंकडा मोठा खरा. पण तो मोजावयास आरंभ कोठून करावयाचा? ‘आतां उपाय नाहीं’ असें ज्या दिवशीं ठरलें त्या दिवसापासून. आणि हें ठरविणारा डॉक्टर ज्या रुग्णाच्या हातीं निदान एक औषध द्यावयाचें आहे त्याच्याबाबतींत तें लवकर ठरवील, व ज्याला द्यावयास कांहींच नाहीं त्याच्याबाबतींत शेवटपर्यंत टाळील, ही मनुष्यस्वभावाची गोष्ट आहे. कादंबरीकाराच्या जें सहज ध्यानांत आलें असतें, तें येथें दोन शास्त्रज्ञांच्या नजरेंतून निसटलें. अमेरिकेंतील मेयो क्लिनिकनें ह्याची दोनदां परीक्षा घेतली. १९७९ सालीं १२३ रुग्ण, १९८५ सालीं मोठ्या आंतड्याच्या कर्करोगाचे १०० रुग्ण. दोन्ही वेळां चिठ्ठ्या टाकून कोणास खरें औषध व कोणास दिखाऊ गोळ्या, आणि कोणास काय मिळालें हें डॉक्टरांसहि ठाऊक नाहीं. लाभ दिसला नाहीं. पॉलिंग ह्यांनीं पहिल्या परीक्षेविरुद्ध तक्रार केली कीं, त्या रुग्णांची प्रतिकारशक्ति आधींच्या औषधांनीं खचली होती. दुसरीविरुद्ध अशी कीं, औषध फार लवकर थांबविलें. दुसऱ्या तक्रारींत थोडें तथ्य होतें. पण तोंपर्यंत ह्या वादाचा सूर असा चढला होता कीं तथ्य ऐकून घेण्याच्या मनःस्थितींत कोणीहि नव्हतें. पॉलिंग ह्यांच्या पत्नीचा अंत १९८१ सालीं व त्यांचा स्वतःचा १९९४ सालीं कर्करोगानेंच झाला, हें त्यांचे विरोधक मोठ्या चवीनें सांगतात. आमच्या मतें ह्यावरून कांहींच सिद्ध होत नाहीं, व तें सांगण्यांत सभ्यताहि नाहीं.

ह्या ग्रंथाची कीर्ति मात्र एका दिशेनें गेली व युक्तिवाद दुसऱ्या दिशेनें. लोकांनीं तटबंदी विसरून गोळी तेवढी उचलली, आणि तिला हारमन ह्यांचा मूलकांचा सिद्धांत जोडला. १९८१ सालीं रिचर्ड पेटो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ‘नेचर’मध्यें एक सावध प्रश्न विचारला: भाज्याफळें अधिक खाणाऱ्यांस कर्करोग कमी होतो असें दिसतें, तर गाजराला रंग देणारें बीटा-कॅरोटीन ह्याचें कारण असेल काय? प्रश्नचिन्ह गळून पडावयास वेळ लागला नाहीं. पुढें ज्या परीक्षा झाल्या त्यांची गोष्ट अनेकवार सांगून झालेली असल्यामुळें आम्ही ती थोडक्यांत उरकतों. फिनलंडांत धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांपैकीं ज्यांना बीटा-कॅरोटीन दिलें त्यांच्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनीं अधिक निघाला (१९९४). अमेरिकेंत १८,३१४ माणसांवर चाललेली परीक्षा २८ टक्के वाढ दिसल्यामुळें १९९६ च्या जानेवारींत मुदतीपूर्वींच बंद करावी लागली. ई जीवनसत्त्वानें पुरुषांतील प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनीं वाढविला, हें ३५,५३३ पुरुषांच्या परीक्षेंतून २०११ सालीं बाहेर आलें. ह्याच्या उलट चीनमधील लिनश्येन परगण्यांत, जेथें लोकांच्या रोजच्या जेवणांतच हीं द्रव्यें अपुरीं होतीं, तेथें बीटा-कॅरोटीन, ई जीवनसत्त्व व सेलेनियम ह्यांच्या मिश्रणानें कर्करोगाचे मृत्यु १३ टक्क्यांनीं घटले (१९९३). उपाशास अन्न व तृप्तास अजीर्ण, एवढाच ह्याचा अर्थ असूं शकेल. पण गोळ्यांच्या जाहिरातींत लिनश्येन आठवतें आणि फिनलंड आठवत नाहीं.

वॉटसन ह्यांचा निबंध ह्या निराशेच्या पार्श्वभूमीवर अवतरला. त्याची घडण निराळी आहे. तो कांहीं पृष्ठांचाच. त्यांत लेखकाचा नवा प्रयोग एकहि नाहीं. इतरांच्या प्रयोगांवरून बांधलेली एक अनुमानांची साखळी म्हणजे हा निबंध. तो प्रसिद्ध झाला तेव्हां लेखक चौऱ्याऐंशी वर्षांचे होते, आणि दुपदरी रचनेनंतरच्या आपल्या महत्त्वाच्या कामांत त्यांनीं ह्याची गणना केली. साखळी अशी: क्षकिरणांचे उपचार व पुष्कळशीं कर्करोगविरोधी औषधें पेशींत उग्र प्राणवायु वाढवितात, आणि तो वाढला म्हणजे पेशी आत्मघात करते. जुनाट, पसरलेल्या कर्करोगाच्या पेशी ह्या उपचारांस दाद देत नाहींत, ह्याचें कारण त्यांनीं स्वतःजवळ ग्लुटाथायोनसारख्या रोधकांचा सांठा केलेला असतो. (कर्करोग चेतविणारीं कांहीं जनुकें असा सांठा खरोखरच वाढवितात, हें २०११ सालीं दिसून आलें होतें.) तेव्हां बाहेरून रोधक घेणें म्हणजे शत्रूच्या किल्ल्यांत दाणागोटा पोंचविणें होय, वैद्यकानें हा सांठा लुटणारीं औषधें शोधावींत, एकेका जनुकामागें एकेक औषध शोधीत बसण्यांत आयुष्य घालवूं नये.

गद्य म्हणून हा निबंध पॉलिंगच्या ग्रंथापेक्षां सरस आहे. वाक्यें आंखूड, घाई झालेल्या माणसाचीं. आणि मोठ्या संस्थांच्या सुस्तपणावरचा राग त्यांत लपविलेला नाहीं. पण जो दोष पहिल्या ग्रंथाच्या वाचकांनीं केला तो येथें लेखकानेंच केला आहे. नाटक तेंच, सोंगें तेवढीं बदललीं. पूर्वीं उग्र प्राणवायु दानव होता व रोधक देव. आतां रोधक दानव झाला. ‘अमुक रोगांत, अमुक टप्प्यावर’ हे शब्द निबंधांत जितके हवे होते तितके नाहींत, आणि कर्करोग पसरतो तो वस्तुतः टप्प्याटप्प्यानेंच पसरतो.

ह्या टप्प्यांकडे लक्ष न जाण्यास एक सुंदर रूपकच कांहीं अंशीं कारण झालें असावें. १८८९ सालीं लंडनचे शल्यवैद्य स्टीफन पॅजेट ह्यांनीं स्तनाच्या कर्करोगानें मरण पावलेल्या ७३५ स्त्रियांचीं शवपरीक्षणें तपासून ‘लॅन्सेट’मध्यें लिहिलें कीं, रोगाचें बीज सर्वत्र उधळलें जातें, पण तें रुजतें अनुकूल भूमींतच. बीज आणि क्षेत्र ह्या जोडीचा आपल्या शास्त्रकारांनाहि मोठा सोस होता, त्यामुळें हें रूपक आपल्याला परकें वाटत नाहीं. पण त्यांत एक उणीव आहे. बीज निघालें व भूमीस लागलें. मधल्या वाऱ्याचें काय? उंदरांवरील प्रयोगांत रक्तांत सोडलेल्या कर्कपेशींपैकीं दहा हजारांत एकीहूनहि कमी पेशी दुसरीकडे गांठ उभी करूं शकतात. बाकीच्या वाटेंतच मरतात. कां मरतात?

ह्याचें उत्तर गेल्या वीस वर्षांत तुकड्यातुकड्यांनीं मिळालें, आणि त्यांत उग्र प्राणवायूचें पात्र प्रथमच पूर्णपणें उभें राहिलें. घर सोडण्याची चिथावणी देण्यांत त्याचा हात असतो. २००५ सालीं असें दिसलें कीं, भोवतालचा पदार्थ पोखरणारें एक एन्झाइम उंदराच्या स्तनपेशींत उग्र प्राणवायु वाढवितें, व त्यामुळें एकमेकींना धरून बसणाऱ्या त्या पेशी हात सोडून भटक्या होतात. कॅमेरॉन ह्यांना दिसलेलें खिंडार व मूलकवाद्यांचा दुष्ट कण येथें एकत्र आले. २००८ सालीं जपानांत इशिकावा, हायाशी व त्यांचे सहकारी ह्यांनीं एका सौम्य कर्कपेशींतील मायटोकाँड्रिया काढून तेथें जहाल पेशींतील सदोष मायटोकाँड्रिया बसविले. उग्र प्राणवायु वाढला, पेशी पसरूं लागली, आणि रोधक दिल्यावर हा पसरण्याचा गुण ओसरला. हा प्रयोग तेवढा वाचून कोणी थांबला, तर पॉलिंगपंथी होऊनच उठेल.

पण घर सोडलेल्या पेशीचे हाल पुढेंच सुरू होतात. २००९ सालीं जोन ब्रुग ह्यांच्या प्रयोगशाळेनें दाखविलें कीं, आधारापासून सुटलेल्या स्तनपेशींस साखर ओढून घेतां येत नाहीं, त्यांच्या पोटांत उग्र प्राणवायु माजतो, आणि त्या मरणाच्या वाटेला लागतात. रोधक दिला तर तगतात. आणि २०१५ सालीं टेक्सासमध्यें एलेना पिस्कूनोव्हा, शॉन मॉरिसन व त्यांचे सहकारी ह्यांनीं जो प्रयोग प्रसिद्ध केला तो तर वाचून पाहण्याजोगा आहे. माणसाच्या मेलॅनोमाच्या, म्हणजे त्वचेच्या रंगपेशींच्या कर्करोगाच्या, पेशी त्यांनीं उंदरांत सोडल्या. त्वचेखालीं त्या सुखानें वाढल्या. रक्तांत व दूरच्या अवयवांत सांपडलेल्या त्याच पेशी मात्र उग्र प्राणवायूनें हैराण झालेल्या होत्या. आणि ज्या थोड्या तेथें तगल्या होत्या त्यांनीं आपला सारा संसार बदलून, फोलिक आम्लाच्या मार्गानें रोधकशक्ति वाढविली होती. मग उंदरांस एन-ऍसिटिलसिस्टीन हा रोधक टोंचला. मूळ गांठ होती तेवढीच राहिली. रक्तांतील कर्कपेशी मात्र वाढल्या, व रोगहि अधिक पसरला. म्हणजे ज्याला आपण दानव म्हणत होतों तो ह्या रोगांत वाटेवरचा पहारेकरी होता, आणि आपण बाहेरून त्याला झोंपेचें औषध पाजीत होतों. त्याच वर्षीं स्वीडनमध्यें मार्टिन बर्गो ह्यांच्या प्रयोगशाळेनें हाच रोधक पिण्याच्या पाण्यांतून दुसऱ्या जातीच्या उंदरांस दिला, तेव्हां लसीकाग्रंथींतील प्रसार दुप्पट झाला. हा पदार्थ कफ पातळ करण्यासाठीं माणसांस नित्य दिला जातो, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. २०१९ सालीं एकाच अंकांत दोन प्रयोगशाळांनीं ह्यामागची एक यंत्रणाहि दाखविली: रोधकांमुळें बॅक१ नांवाचें प्रथिन नाश पावण्याचें थांबतें, आणि तें फुप्फुसाच्या कर्कपेशींस भटकण्याची उभारी देतें.

आणखी एका प्रयोगाचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. मेलॅनोमा रक्तांत उतरण्यापूर्वीं बहुधा लसीकाग्रंथींत आधीं कां जातो, हें शल्यवैद्यांस पिढ्यान् पिढ्या पडलेलें कोडें. २०२० सालीं जेसालिन युबेलॅकर, मॉरिसन व इतर ह्यांनीं दाखविलें कीं, लसीकेंत ग्लुटाथायोन व ओलेइक आम्ल ह्यांची समृद्धि असते. त्यामुळें पेशीचें आवरण उग्र प्राणवायूच्या दाहापासून बचावतें. रक्ताच्या राजरस्त्यावर पाऊल टाकण्यापूर्वीं कर्कपेशीला मिळालेली ही धर्मशाळाच म्हणावयाची. तेथें कवच चढवून निघालेली पेशी पुढील प्रवास अधिक निभावून नेते.

एवढें वाचून कोणी वॉटसनपंथी होऊं पाहील, तर त्यालाहि अडविणारा प्रयोग तयार आहे. त्याच २०२० सालीं कॅरन व्हाउस्डेन ह्यांच्या गटानें स्वादुपिंडाच्या कर्करोगांत असें पाहिलें कीं, टायगार नांवाचें रोधक प्रथिन काढून टाकलें तर रोगाचा आरंभ मंदावतो. पण एकदां गांठ झाल्यावर तेंच नसलें तर ती उलट अधिक पसरते. मेलॅनोमांत पहारेकरी असलेला उग्र प्राणवायु येथें वाटाड्या झाला. तेव्हां वॉटसन ह्यांनीं जें सूत्र सांगितलें तें खोटें नव्हे, पण तें सूत्र नसून एका प्रकरणाचें शीर्षक आहे, असा आमचा अभिप्राय. पुढील दोन वर्षांतच मेलॅनोमानें त्यांना दिलेला पाठिंबा ही त्यांच्या दूरदृष्टीची साक्ष आहे, आणि ती मोठी आहे. २०२५ च्या नोव्हेंबरांत त्यांचें निधन झालें तोंवर त्यांचा निबंध ह्या विषयावर लिहिणाऱ्यांस टाळतां येत नव्हता. परंतु ‘प्राणवायु वाढवा’ हा आदेश सरसकट पाळला असतां स्वादुपिंडाच्या रुग्णाचें काय होईल, ह्याचें उत्तर त्या निबंधांत नाहीं.

कोणी म्हणेल, हें सारें उंदरांचें झालें. आमच्या घरच्या रुग्णाचें काय? हरकत रास्त आहे. माणसांत रोधकांमुळें रोग पसरतो काय हें पाहण्यासाठीं कोणी चिठ्ठ्या टाकून परीक्षा करणार नाहीं, आणि करूंहि नये. अमेरिकेंत स्तनाच्या कर्करोगासाठीं औषधोपचार चालू असलेल्या १,१३४ स्त्रियांस त्या कोणत्या गोळ्या घेतात हें विचारून ठेवलें होतें. उपचारापूर्वीं व उपचार चालू असतांना ज्या अशा रोधक गोळ्या घेत होत्या त्यांच्यांत रोग उलटण्याचें प्रमाण अधिक दिसलें (२०२०), तरी तें निश्चयानें म्हणण्याइतकें स्पष्ट नव्हतें. भाजीपाला, आवळा, लिंबू ह्यांविरुद्ध ह्या सर्व प्रयोगांत चकार शब्द नाहीं. फळांतील मात्रा व बाटलींतील मात्रा ह्यांत महदंतर आहे. ज्याबद्दल भय आहे ती गोष्ट निराळी: रुग्णाच्या उशाशीं असलेली ती बाटली, जी मायेनें आणलेली असते, जिचें नांव डॉक्टरांच्या कानांवर कोणी घालीत नाहीं, आणि जिच्यामुळें क्षकिरणांनीं जें पेटवावयाचें तें विझविलें जाण्याचा संभव असतो.

दरम्यान दोन्ही पक्षांची सरमिसळ होऊन गेली आहे. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रांतील शल्यवैद्य इंद्रनील मित्रा व त्यांचे सहकारी ह्यांचा प्रयोग त्याचें जवळचें उदाहरण. मरणाऱ्या कर्कपेशींतून सुटलेले क्रोमॅटिनचे कण निरोगी पेशींत शिरून रोग पसरवितात, असें त्यांचें मत. आणि ते कण नष्ट करण्यासाठीं त्यांनीं द्राक्षांतील रेझ्व्हेरॅट्रॉल व तांबें ह्यांची जोडी योजली. रेझ्व्हेरॅट्रॉल बाजारांत रोधक म्हणून विकलें जातें, पण तांब्याच्या संगतींत तें उग्र प्राणवायु उत्पन्न करतें, आणि येथें तोच तर हवा आहे. २०२४ च्या फेब्रुवारींत वर्तमानपत्रांनीं ‘शंभर रुपयांची गोळी’ म्हणून ह्याचा असा गाजावाजा केला कीं, पॉलिंगच्या काळच्या मथळ्यांची आठवण व्हावी. हें काम बव्हंशीं उंदरांवरचें व थोड्या रुग्णांवरचें आहे, ही गोष्ट त्या मथळ्यांत मावली नाहीं.

खुद्द क जीवनसत्त्वाचीहि अशीच उलथापालथ झाली. तोंडानें कितीहि घेतलें तरी रक्तांतील त्याचें प्रमाण एका मर्यादेपलीकडे चढत नाहीं; शिरेवाटे दिलें तर तें कित्येक पटींनीं चढतें. कॅमेरॉन ह्यांनीं आपल्या रुग्णांस आरंभीं तें शिरेवाटे दिलें होतें, मेयोनें केवळ तोंडानें, हा फरक त्या वेळच्या भांडणांत कोणाच्या फारसा ध्यानांत आला नाहीं. २००५ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेंतील मार्क लव्हीन ह्यांच्या गटानें दाखविलें कीं, एवढ्या चढ्या प्रमाणांत क जीवनसत्त्व पेशींबाहेर हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण करतें व त्यानें कर्कपेशी मरतात. म्हणजे पॉलिंग ह्यांचें औषध वॉटसन ह्यांच्या पक्षास जाऊन मिळालें. २०२४ सालीं आयोवा विद्यापीठानें पसरलेल्या स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या ३४ रुग्णांची परीक्षा प्रसिद्ध केली. नेहमींच्या औषधांबरोबर ज्यांना आठवड्यांतून तीन वेळां ७५ ग्रॅम क जीवनसत्त्व शिरेवाटे दिलें, त्यांच्या आयुष्याचा मध्यांक १६ महिने भरला. ज्यांना नेहमींचींच औषधें दिलीं, त्यांचा ८.३ महिने. चौतीस ही संख्या कॅमेरॉन ह्यांच्या शंभरांहून पुष्कळच लहान आहे. पण ह्या वेळीं कोणास काय द्यावयाचें हें चिठ्ठ्या टाकून ठरविलें होतें.